कपाटातले चार दिवस

मी समुद्रापलीकडच्या एका बेटावरच्या सालातिगा गावातला एक जुना मोडेम आहे, मित्रांनो. एका पुस्तकाएवढा डबा, पुढे पाच हिरवे दिवे, मागे टेलिफोनची तार. एके काळी मी पांढरा होतो, आता पिवळा पडलो आहे. उद्यापरवा मी भंगारात जाईन. त्याआधी माझ्या घरची हकीकत तुम्हाला सांगायची आहे.

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. लांब टेबलाशी बसलेल्या बायकांनी माझ्या पोटात इवले इवले भाग बसवले. एकीने माझे दिवे लागतात का ते पाहिले आणि मला खोक्यात घातले. तिथून मी पाक हर्तोयो यांच्या घरी आलो. आमच्याकडे वडिलांना आणि वडीलधाऱ्या पुरुषाला बापाक किंवा पाक म्हणतात, आईला आणि वडीलधाऱ्या बाईला इबू किंवा बू. टेलिफोन कंपनीच्या माणसाने मला पुढच्या खोलीत खिडकीशेजारी अडकवले.

माझे काम आधी सांगतो, कारण पुढचे सारे दुःख त्यातूनच आले. रस्त्यावरच्या तारेतून जे येते ते घरातल्या फोनला जसेच्या तसे कळत नाही. ते कळेल असे करून आत घ्यायचे आणि आतले बाहेर धाडायचे, हे मोडेमचे काम. आत आलेले खोल्याखोल्यांत बिनतारी वाटायचे, हे राउटरचे काम. माझ्यात वाटण्याचीही थोडी सोय होती, पण जेमतेम, पुढच्या खोलीपुरती.

पाक हर्तोयो रेडिओ दुरुस्त करायचे. बाजाराजवळ त्यांचे छोटे दुकान होते. मुका झालेला रेडिओ ते कानाला लावत आणि काय बिघडले ते उघडायच्या आधीच सांगत. त्यांची बायको बू सुकिनेम बाजारात उकडलेल्या भाज्या आणि शेंगदाण्याची चटणी विकायची. तिची जीभ त्या चटणीहून तिखट होती. नवराबायको एकमेकांना 'पाकने' आणि 'बुने' म्हणत, म्हणजे लेकीचे बाबा आणि लेकीची आई. त्यांची एकुलती लेक एंदाह तैवानात एका वृद्धाश्रमात कामाला होती. रोज चार वाजता तिला सुट्टी होई आणि तिचा चेहरा फोनवर उमटे. दोघे माझ्यासमोर बाकावर बसून तिच्याशी बोलत. बू सुकिनेम खांद्यावरच्या फडक्याने माझी धूळ पुसायची आणि शेजारणींना सांगायची, माझी लेक या डब्यात राहते. ती माझ्या सुखाची वर्षे.

मग एके सकाळी बू सुकिनेम चटणी वाटता वाटता खाली बसली. तिची डावी बाजू लुळी पडली होती. तिला मागच्या खोलीत खाटेवर निजवले आणि तिचा बाजार संपला. मागच्या खोलीपर्यंत माझी मजल जात नव्हती. एंदाहचा चेहरा अर्धवट येई, मध्येच थिजे, शब्द तुटत. पाक हर्तोयो माझ्याकडे रागाने बघू लागले.

शेजारी कपडे धुण्याचे दुकान चालवणारी बू मुर्यानी चांगल्या मनाची होती. ती म्हणाली, "पाक, मोडेम बदलायचा का त्याच्या जोडीला राउटर घ्यायचा, ते आधी कंपनीच्या माणसाला विचारा की."

"चाळीस वर्षं लोकांचे रेडिओ बोलते केले मी," ते म्हणाले. "या डब्यापायी आता कुणाला विचारत फिरू?"

ते एकटेच दुकानात गेले. तिथल्या मुलीने मोडेम हवा की राउटर असे विचारले. दोन्हींत फरक काय हे त्यांना माहीत नव्हते आणि तसे म्हणवले नाही. जे जास्त लांब पोचते ते द्या, असे सांगून ते तीन शिंगांचा एक काळा राउटर घेऊन आले.

त्यांनी मला भिंतीवरून काढले. माझी तार राउटरच्या खाचेत घातली. ती थोडी सैल बसली, पण बसली. दिवे लागले. मागच्या खोलीत फोनवर वायफायच्या सगळ्या रेघा भरल्या. ते खुशीत म्हणाले, "बघ बुने, काठोकाठ."

काठोकाठ होते, पण रिकामे. राउटर घरभर वाटायला तयार होता, आणि बाहेरचे आत आणणारा मी कपाटात, जुन्या रेडिओंच्या सुट्या भागांत पडलो होतो. चार वाजले, कुणीच आले नाही.

पाक हर्तोयोंनी तार सोलून पुन्हा जोडली. दिवसभर ते त्या काळ्या डब्याशी झटत राहिले. शेवटी त्यांनी कंपनीला फोन केला. तिथून कळले की ईदची सुट्टी लागली आहे, माणूस नंतर येईल. परदेशी फोन परवडत नसे, म्हणून एंदाहने काळजीने मोबाइलवर साधा एसएमएस पाठवला. त्यांनी उत्तर लिहिले की लाइन बंद आहे, बाकी सगळे ठीक, सुरू झाली की बोलू. लेक निर्धास्त झाली.

घराच्या भिंती लाकडी, पातळ. कपाटातून मला सगळे ऐकू येई. दुसऱ्या दिवशी बू सुकिनेम म्हणाली, "पाकने, तो जुना लावा परत. अर्धी दिसली तरी चालेल मला. मी काय तिचं लग्न जुळवतेय, पूर्ण चेहरा बघायला?"

"उद्या लावतो. यातच काहीतरी बारीक चुकतंय, सापडेल."

तिसऱ्या दिवशीही तेच झाले. चौथ्या दिवशी सकाळी मागच्या खोलीत पेला पडल्याचा आवाज आला. मग बू मुर्यानीची धावपळ आणि गाडीचे दार. बू सुकिनेमला दुसरा झटका आला होता. डॉक्टरांनी जीव वाचवला. वाचा मात्र गेली.

आठ दिवसांनी तिला घरी आणले आणि त्याच दुपारी कंपनीचा माणूस आला. सुगियार्तो त्याचे नाव. त्याने राउटर पाहिला आणि जुना डबा कुठे आहे असे विचारले. मला हातात घेऊन तो साधेपणाने म्हणाला, "पाक, एक जण बाजारातून तांदूळ आणतो, दुसरा ताटात वाढतो. तुम्ही आणणाऱ्याला कपाटात घातलंत. मग वाढणारा काय वाढणार?"

त्याला घरातले काही माहीत नव्हते. त्याने मला भिंतीवर लावले आणि माझ्यापासून राउटरपर्यंत एक वीतभर तार टाकली. दहा मिनिटांचे काम. पाक हर्तोयो तोवर भिंतीला टेकून उभे होते.

चार वाजता फोन वाजला. मागच्या खोलीत एंदाहचा चेहरा इतका स्वच्छ दिसला की तिच्या कपाळावरचा घामही दिसत होता. आई आजारी होती, आता घरी आली आहे, एवढेच तिला कळवलेले होते. ती आईशी बोलत राहिली. बू सुकिनेमचे ओठ हलले.

"बापाक, इबूचा आवाज येत नाहीये," एंदाह म्हणाली.

पाक हर्तोयोंनी फोन आपल्याकडे वळवला. मग म्हणाले, "आवाज येतोय, पोरी. लाइन चांगली आहे."

मित्रांनो, मी लाखो शब्द ने-आण केले असतील. त्या वाक्याइतके जड काही माझ्या तारेतून गेले नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लेकीला सगळे सांगितले. डबा मीच काढला, मला कळत नव्हते, कुणाला विचारले नाही, तुझी आई परत लाव म्हणत होती, तेही ऐकले नाही. मला वाटले, ती आता फोन ठेवेल.

"त्या चार दिवसांत इबू काय काय बोलली?" तिने विचारले. "सगळं सांगा मला. एकही शब्द गाळू नका."

मग ते खाटेच्या कडेला बसून आठवू लागले. तू सकाळी भात खातेस की पावावर भागवतेस, हे तिने दोनदा विचारले. बू मुर्यानी आणून देते त्या कोबीत मीठ नसते म्हणाली. ईदला तू कुणाच्या आईला भरवत असशील, असे म्हणून कूस वळवली. मला हट्टी म्हातारा म्हणाली. कुठे ते चुकले की बू सुकिनेम उजव्या हाताने गादीवर थापटायची आणि ते पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. चार दिवसांचे बोलणे पुरे सांगून व्हायला तीन दुपारी लागल्या. त्यानंतर त्यांच्याजवळ सांगायला तिचे काही उरले नाही.

पुढे दोन वर्षांनी बू सुकिनेम गेली. गल्लीत टेलिफोनच्या तारांच्या जागी काचेच्या, म्हणजे फायबरच्या, तारा आल्या आणि माझे काम संपले. मी परत त्याच कपाटात आहे.

मित्रांनो, नवी वस्तू जरूर आणा. पण जुनी भिंतीवरून उतरवण्याआधी ती इतके दिवस काय करत होती, ते कुणाला तरी विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. आणि आपल्या माणसाशी बोलायचे असेल ते उद्यावर ढकलू नका. मी दूरदेशीचे बोलणे क्षणात घरी आणले आहे, पण जे तारेत कधी पडलेच नाही, ते मी कुठून आणू?