यथाकाल

किल्लीवाल्याचा पुनर्जन्म व्यवस्थित पार पडला. बाळ सुखरूप आहे, वजन शहात्तर किलो. पण हे अजून झालंच नाही असं धरून चालू. आत्ता तो दुकानामागच्या खोलीत, पाण्याच्या पत्र्याच्या पिंपात बसलाय आणि वरून झाकण लागतंय.

नऊ वर्षांपूर्वी "अर्ध्या तासात येतो" म्हणून तो जो गेला, तो गेलाच. सात वर्षं वाट बघून घरच्यांनी गवताचा पुतळा जाळला, तेरावाही उरकला. आणि मागच्या आठवड्यात स्वारी दारात उभी! गुरुजी म्हणाले, क्रिया झालेल्या माणसाला असं सरळ घरात घेता येत नाही. त्याने आधी पुन्हा जन्मायचं, मग एकेक संस्कार, शेवटी त्याच बायकोशी लग्न. पिंपात असताना तोंडातून शब्द निघाला तर गर्भ गेला. मग कायमचा मेलेलाच.

म्हणून तो गुडघे पोटाशी घेऊन, मुठी आवळून बसला होता. डोळे उघडे आहेत की मिटलेले, तेही कळेना. श्वास पुरेना. बायको लग्नाला हो म्हणेल ना? आठवडाभरात त्याच्याशी एकच वाक्य बोलली होती: "बाजूला व्हा, गिऱ्हाईक आलंय."

बाहेर किल्लीवर चाललेली तिची कानस थांबली.

"गुरुजी, जन्म आत्ता. मग मुंज?"

"दुपारी, वहिनी. लग्न संध्याकाळी."

"पोथीत काय लिहिलंय?"

पानं सळसळली. "यथाकाल."

"म्हणजे?"

"म्हणजे... ज्या त्या वेळी."

"मग मुंज आठव्या वर्षी. लग्नाचं एकविसाव्यानंतर बघू. मुलगा पसंत पडला तर."

पिंपात किल्लीवाल्याचं डोकं झाकणावर आपटलं.

"वहिनी, पन्नाशीचा आहे हो तो!"

"कुठला? अजून जन्मायचाय. अर्धा तास सांगून नऊ वर्षं लावली, गुरुजी. आता एकदा तरी सगळं वेळेवर होऊ दे."

ओरडावं तर कायमचा मेला. गप्प बसावं तर एकवीस वर्षं. त्याने मूठ तोंडात कोंबली.

झाकण निघालं. ऐंशीच्या आत्याने त्याला पंच्यात गुंडाळलं आणि पाठीत धपाटा घातला. "रड की रे मेल्या!"

"आत्या, मेल्या नका म्हणू," गुरुजी घाबरून म्हणाले, "आत्ताच जन्मलाय."

रडायला त्याला पुन्हा सांगावं लागलं नाही. बायकोने वाकून बघितलं. "गोंडस आहे," म्हणाली आणि पुन्हा कानस हातात घेतली.

दोन तासांनी, पंच्यातून एक हात बाहेर काढून त्याने दुकानाच्या पावतीमागे लिहिलं:

प्रति, मा. गुरुजी. विषय: जन्म रद्द करणेबाबत. महोदय, अर्जदार (वय दोन तास) मृत असताना निदान विवाहित होता. तरी सदर जन्म तात्काळ रद्द करून अर्जदारास पूर्ववत मृत समजण्यात यावे, ही नम्र विनंती.