तिसरं पाणी

दादाचं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी संभाजीकाका मांजरी गावातल्या आमच्या दोन खोल्यांत येऊन सोफ्याकडे बोट दाखवत म्हणाला, "हे उचला आता. मेलेल्याचं अंथरूण घरात ठेवत न्हाईत."

"सोफा अंथरूण कसा काय, काका?"

"रविराज कुठं झोपायचा?"

"सोफ्यावर."

"मग अंथरूणच हाय. गादी असती तर हातानं नेली असती, ह्याला टेम्पो लागंल, एवढाच फरक."

आई माझ्याकडे बघायला लागली. मीच बोललो, नेहमीसारखा विचार न करता. "मी धुतो. दादाचा एक डाग ठेवत नाही, वाससुद्धा ठेवत नाही. मग बसून बघा आणि ठरवा." काकाने रविवारपर्यंत मुदत दिली.

सोफे धुणं हाच दादाचा आणि माझा धंदा. लोकांच्या सोफ्यांत सांडलेलं दूध, आमटी, कुत्र्यांची लघवी, सगळं आम्ही काढलं, आणि आमचा स्वतःचा सोफा मात्र काळाकुट्ट. "घरचं गिऱ्हाईक शेवटी," असं दादा म्हणायचा आणि कामावरून आला की त्यावर आडवा व्हायचा. सोफ्याचा एक हात खोबरेल लावलेल्या डोक्याखाली, दुसरा मळक्या पायांखाली. नगर रस्त्यावर ट्रकखाली गेला, त्या दिवशीही दुपारी घटकाभर इथेच झोपून निघाला होता.

मी लगेच मशीन लावलं. धूळ ओढली, शाम्पूचा फेस चढवला, ब्रशने घासलं आणि मळकं पाणी ओढून घेणारी नळी फिरवायला लागलो. दादा सांगायचा, पहिलं पाणी चहासारखं येतं, दुसरं पन्ह्यासारखं, आणि तिसरं पिण्यासारखं आलं की गिऱ्हाइकाला बोलवायचं. मला वाटलं होतं रडू येईल. पण त्या काळ्याखालून हळदीसारखा पिवळा रंग वर यायला लागला तसे माझे हात थांबेचनात. तिसरं पाणी नितळ आलं. मी आईला ओढतच आणलं.

"पिवळा होता होय हा," एवढंच ती म्हणाली.

सकाळी सोफ्याच्या डोक्याकडच्या हातावर तेलाचा डाग होता.

यात घाबरण्यासारखं काही नसतं. सोफा वाळताना आतल्या स्पंजमधला मळ कापडावर चढतो, हे दादानेच शिकवलेलं. मी कव्हरची चेन उघडून आत हात घातला. स्पंज कोरडा, पांढराशुभ्र. कापडाची आतली बाजूही स्वच्छ. जे लागलं होतं ते वरून लागलं होतं.

ते कळलं आणि दादाची गाडी गल्लीत वळल्यावर धडधडायची तशी माझी छाती धडधडायला लागली. डागाला बोट लावून वास घेतला. खोबरेल. मला हसूच आवरेना.

"आई, बघ."

आईने डाग पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "धू," ती म्हणाली. "काकानं बघितलं तर नेईल सोफा."

मी धुतला. दुसऱ्या सकाळी डाग परत, आणि पायांकडच्या हातावर टाचांची माती. तेही धुतलं. मग मी उजाडायची वाटच बघू लागलो. रोज सकाळी दादाला घासून काढायचो, ते त्याला परत यायला जागा राहावी म्हणून. पाणी मात्र दिवसागणिक दाट होत चाललं, तिसरंसुद्धा चहासारखं यायला लागलं, आणि ते मोरीत ओतताना मी शीळ घालत होतो.

रविवारी टेम्पोवाल्याला बाहेर उभं करून काका आत आला. सोफा पिवळाधमक होता. काकाने वाकून वास घेतला, तळवा फिरवून पाहिला, हाताला काही लागलं नाही. मग तो बसला. एरवी ऐसपैस बसणारा माणूस, पण अगदी टोकाला, अर्ध्या मांडीवर बसला. कोणी आडवं असलं की त्याच्या पायाशी आपण बसतो तसा. त्याचा हात शेजारच्या रिकाम्या जागेवर गेला आणि हळूहळू थोपटत तिथेच राहिला.

"राहू दे," तो आवाज खाली आणून म्हणाला.

मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. आईने डोळ्यांनीच गप्प केलं.

काका जपून, आवाज न करता उठला. दारात चपला पायांत सरकवताना आईला म्हणाला, "वहिनी, त्याच्यावर पांघरूण घाला. पाय लई गार पडल्यात."