भाजीच्या ट्रेमधली पाकिटं

मी एक जुना फ्रिज आहे. एका दाराचा, फिकट निळा, उजव्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी असलेला. मित्रांनो, मी रागावलेला आहे. हे आधीच सांगतो, कारण आमच्यासारख्या जुन्या वस्तूंनी आपली कहाणी हळव्या सुरात सांगावी अशी अपेक्षा असते. मला तो सूर लागत नाही. माझ्या घशात गेली नऊ वर्षं घरघर आहे.

माझा जन्म कारखान्यातला. पत्रा वाकवला, त्यात फोम भरला, पाठीला जाळी लावली. एका तपासनिसाने माझं दार अकरा वेळा उघडलं, अकरा वेळा लावलं आणि शिक्का मारला. पुढे मला ज्यांनी विकत घेतलं ते गाडी शिकवणारे मास्तर होते. त्यांनी त्याच आठवड्यात मोटार ड्रायव्हिंग स्कूल काढलं होतं. मला रोख पैसे देऊन आणलं, हे ते पाहुण्यांना न विचारता सांगत.

ते दिवस चांगले होते. मास्तरांच्या पत्नी, म्हणजे माझ्या बाई, मला मऊ फडक्याने पुसत. शेजारपाजारचे बर्फ मागायला येत आणि निघताना माझं कौतुक करून जात. मास्तरांची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. दार लावल्यावर आतला दिवा विझतो का, हे पाहायला ती दिवसातून वीसदा मला उघडायची आणि धपाटा खायची. दिवा विझतो, मित्रांनो. आत काय चाललंय ते बाहेर कळू नये, अशी माझी बांधणीच आहे. तिचा कोणी असा वापर करील, असं मात्र त्या तपासनिसाच्याही मनात आलं नसेल.

बावीस वर्षांनी माझ्या जागी दोन दारांचा, चकचकीत, हप्त्यांवरचा फ्रिज आला. मला बदलीत द्यायचं ठरलं होतं. पण दुकानदाराने माझी जी किंमत सांगितली ती ऐकून मास्तरांचा पारा चढला. एवढ्या पैशांत याचं नुसतं दार तरी देईन का, म्हणाले. मग माझी रवानगी मागच्या बोळात झाली, वॉशिंग मशीन आणि मोडक्या खुर्चीच्या मधे. पाण्याच्या चार बाटल्या माझ्यात ठेवल्या आणि मला चालू ठेवलं. पाहुणे येतात, पाणी लागतं, असं कारण दिलं. पाहुणे वर्षातून दोनदा यायचे.

दरम्यान स्कूल बसत चाललं होतं. मास्तरांनी शिकवण्यासाठी दोन नव्या गाड्या कर्जावर घेतल्या आणि शिकायला येणारे आटले. गाड्यांचा हप्ता भरायला दुसरं कर्ज काढलं, त्याचा हप्ता भरायला क्रेडिट कार्ड वापरलं. ज्यांनी आयुष्यभर लोकांना ब्रेक कुठे असतो ते दाखवलं, त्यांची ही गत. शेवटी गाड्या विकल्या, स्कूलची पाटी उतरवली, कर्ज राहिलं.

आणि एके दिवशी, बाई दवाखान्यात गेल्या असताना, मास्तर बोळात आले. हातात एक पाकीट होतं, न उघडलेलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, माझं दार उघडलं आणि ते भाजीच्या ट्रेमध्ये ठेवलं.

मला वाटलं, चुकून ठेवलं असेल. पुढच्या आठवड्यात दुसरं आलं. मग तिसरं. ट्रे भरल्यावर अंड्यांच्या खळग्यांत गुंडाळ्या करून ठेवली. सलग दोन वर्षं मी बँकांच्या नोटिसा गार ठेवल्या. त्या अजिबात नासल्या नाहीत. मला बंद करण्याची सोय नव्हती, कारण बंद फ्रिजकडे कोणाचं तरी लक्ष जातं, त्याचं काय करायचं असं कोणीतरी विचारतं. चालू फ्रिजला कोणी काही विचारत नाही. म्हणून मी चालायचं, माझ्यामुळे विजेचं बिल फुगायचं, आणि ते बिल पाकिटातून येऊन माझ्याच पोटात बसायचं.

इतकं असतं तरी मी गप्प राहिलो असतो. राग कशाचा आहे ते आता सांगतो.

मुलगी आता रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, दुसऱ्या गावी. चार दिवसांच्या रजेवर आली. सकाळी न्हाणीघरात गेली आणि ओरडतच बाहेर आली, कारण पाणी बर्फासारखं होतं. गिझरच्या बटणावर औषधाची चिकटपट्टी आडवी लावलेली होती. बाईंचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत, डॉक्टरांनी गरम पाण्याचा शेक सांगितलाय. मुलीने विचारलं तर त्या म्हणाल्या, बिल फार येतं म्हणून यांनी लावलीय, सवय झाली आता.

दोन हिवाळे, मित्रांनो. दोन हिवाळे त्या बाई गार पाण्याने अंग धूत होत्या, आणि बोळात मी नोटिसा गार करत होतो.

मुलीने वही घेतली आणि घरातलं एकेक बटण बंद करत गेली. दिवे, पंखे, टीव्ही, नवा फ्रिजसुद्धा. मग बाहेर जाऊन मीटर पाहिला. तो चालतच होता. मास्तर तिच्या मागेमागे फिरत होते, मीटरच खराब आहे, तक्रार केली पाहिजे, असं सांगत होते. ती थांबली, कान दिला. सगळं घर गप्प होतं आणि मी घरघरत होतो. इतक्या वर्षांत माझ्या घरघरीचा कोणाला उपयोग झाला तो तेव्हाच.

तिने माझं दार उघडलं. दिवा लागला. तिने भाजीचा ट्रे बाहेर ओढला.

"बाबा, हे काय आहे?"

"कागद आहेत."

"फ्रिजमध्ये?"

"सापडायला बरे," मास्तर म्हणाले. मी आयुष्यात पुष्कळ खोटं ऐकलंय, पण इतकं बिनकामाचं नाही.

बोळाच्या फरशीवर तिने पाकिटं मांडली. एकेचाळीस निघाली. तिने फोडायला घेतली, तसे मास्तर मोडक्या खुर्चीत बसले. पाच ठिकाणची देणी होती. सगळ्यांत चढं व्याज कार्डाचं, आणि तिथे दीड वर्षात दमडी भरलेली नव्हती. सगळ्यांत कमी व्याज होतं ते कर्ज मात्र नियमित, कधीकधी हप्त्याहून जास्तच भरलेलं. तिने याचं कारण विचारलं. मास्तर म्हणाले, तिथला माणूस चांगला आहे, फोनवर सर म्हणतो. आणि कार्डवाले? त्यांचा फोन यंत्र करतं. यंत्राशी काय बोलायचं?

मुलगी हसली नाही. "म्हणजे जो तुम्हाला सर म्हणतो त्याला पैसे, आणि आईला चिकटपट्टी."

मास्तरांनी एक बातमी दिली. तोच सर म्हणणारा माणूस आज चार वाजता येणार होता. सगळी कर्जं एकात घालून देणार होता, घर तारण ठेवून. घर दोघांच्या नावावर असल्यामुळे बाईंचीही सही लागणार होती.

"आईला माहीत आहे?"

"वीज मीटरवरचं नाव बदलायचा कागद आहे, असं सांगितलंय."

यावर ती जे बोलली ते मी इथे देत नाही, लहान मुलं वाचतात. पण बोळाच्या दाराशी काठीचा आवाज आला आणि दोघं तिकडे वळले. बाई तिथेच उभ्या होत्या. किती वेळ, ते मला माहीत आहे, पण तेही देत नाही.

चार वाजता तो आला. पायपुसण्यावर बूट पुसले, सर म्हणाला, मॅडम म्हणाला, पाण्याला नको म्हणाला. बोळाचं दार उघडं होतं, मला सगळं दिसत होतं. फक्त सह्यांचं काम आहे, जिथे खूण केलीय तिथे. बाईंनी पेन हातात घेतलं आणि त्याला विचारलं, "हप्ते थकले तर काय होतं?"

"तसं काही होत नाही, मॅडम."

"झालं तर?"

तो मास्तरांकडे पाहून हसला. मुलगी तोंड उघडणार होती, बाईंनी हात वर करून तिला थांबवलं. त्यांनाही मास्तरांकडेच पाहायचं होतं. मास्तरांनी घशातून दोनतीनदा आवाज काढला. माझं यंत्र सुरू होताना असाच आवाज येतो.

"तर घर जातं," ते म्हणाले. मग कागद त्याच्याकडे सरकवले. "आज सही होणार नाही. नंतरही नाही."

माणसाने कागद गोळा केले. दारात वळून म्हणाला, "बघा काका, नंतर तुम्हीच फोन कराल." सरचे काका व्हायला त्याला एक मिनिटही लागलं नाही.

संध्याकाळी मुलीने कार्डवाल्यांना फोन लावला, बटणं दाबत दाबत यंत्राच्या पलीकडचा जिवंत माणूस शोधला आणि फोन वडिलांच्या हातात दिला. हप्ते पाडून मागा म्हणाली, लाजू नका. मास्तरांनी मागितले. पहिल्यांदा मिळाले नाहीत, लेखी अर्ज करा म्हणाले. तिने अर्ज लिहायला घेतला. नव्या फ्रिजचा विमा, टीव्हीवरच्या कोणी न पाहिलेल्या वाहिन्या, तिसरा मोबाइल, सगळ्यांवर वहीत काट मारली. कर्ज फिटलं नाही, मित्रांनो. त्याला चार वर्षं लागतील, असा तिचा हिशोब आहे.

मग ती माझ्या मागे आली. माझा प्लग भिंतीत इतका घट्ट बसला होता की दोन्ही हातांनी ओढावा लागला. उद्या भंगारवाला येतोय. मला जपा, मला पुसा, असं काही मी मागणार नाही. उलट तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी उगाच घरघरत असेल तर त्याला बंद करा. त्याआधी दार उघडून आत पाहा. आणि आईवडील एखादं पाकीट न फोडता ठेवताना दिसले तर शेजारी बसा आणि फोडायला लावा. रागवा खुशाल. पण बसा.

इथे बोळात आता माझा आवाज नाही, त्यामुळे आतलं स्पष्ट ऐकू येतं. न्हाणीघरात गिझर चालू आहे. बाई बादलीत पाय सोडून स्टुलावर बसल्यात. दाराशी मास्तर एकेक पाकिटातला कागद काढून त्यांना वाचून दाखवताहेत, तारीख, रक्कम, दंड, सगळं. मधेच ते कागदाची घडी घालतात. असू दे आता, बाकीचं उद्या वाचतो, म्हणतात.

बाई त्यांच्याकडे पाहतही नाहीत.

"पुढचं वाचा," त्या म्हणतात.