टाकीचं लग्न

गावातल्या सगळ्या लग्नपत्रिका फोनवर मीच करून देते, म्हणून टाकीचं लग्नही मीच लावलं.

पाण्याची टाकी बांधून दोन वर्षं झाली, पण तिच्यात थेंब नाही. मी आणि माझे मित्र चंदन, गुड्डी इन्स्टावर ‘गावची बोंब’ नावाचं पान चालवतो. कोण चालवतं ते गावाला ठाऊक नाही आणि तेच बरं, कारण सरपंच कृष्णराव माझे मोठे बाबा, वडिलांचे थोरले भाऊ. वडील गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं. राग आला की ते बोलणं सोडतात, आणि ते मला मुळीच सोसत नाही.

तरी हात शिवशिवलेच. ‘चि. सौ. कां. टाकी हिचा शुभविवाह चि. पाणी यांच्याशी. नवरदेव दोन वर्षांपासून वाटेत आहेत. वधुपिता : सरपंच. स्थळ : टाकीखाली.’ सवयीने वर माझा नाचरा मोर टाकला आणि खाली ‘भोजन : रविवारी ११ ते आपल्या आगमनापर्यंत’.

तिथेच फसले. पानावर टाकलेली पत्रिका फिरत फिरत शेजारच्या अड्याळला गेली आणि रविवारी चाळीसेक लोक टाकीखाली हजर. बहुतेक हसायलाच आलेले. पण अड्याळच्या गोदावरीबाई नवं लुगडं नेसून, आहेर घेऊन आल्या होत्या. नातवाने त्यांना नुसती वेळ आणि जागा वाचून दाखवली होती.

मोठे बाबा तणतणत आले. “कोनं केला हा तमाशा?”

गोदावरीबाई पुढे झाल्या. “नवरी कोठी हाय बापा? जेवाले उशीर हाय का?”

मोठ्या बाबांनी त्यांच्या हातातला आहेर पाहिला. लग्नाला आलेलं माणूस आमच्याकडे उपाशी जात नाही, मग लग्न टाकीचं का असेना. “चूल पेटवा,” ते म्हणाले.

तांदूळ आला, भात शिजवायला मोठा गंज आला. पाणी? सगळ्यांनी वर टाकीकडे पाहिलं, मग मोठ्या बाबांकडे. ते बादली घेऊन निमूट हातपंपाकडे गेले.

दहाव्या बादलीला त्यांना धाप लागली. मी धावत जाऊन दांडा धरला.

“पत्रिका तूच केली ना?”

“हो.”

“मोर वळखला. गावातल्या साऱ्याच पत्रिकांवर तोच नाचून राहिला.” आणि ते कपाळ पुसत खदखदून हसले. मला रडूच आलं. “आता दुसरी कर. नवरदेव पंधरा दिवसांत येऊन राहिले म्हनून लिव. अन् नुसता सरपंच नोको लिवू, माहं नाव टाक.”

“आणि भोजनाची ओळ?”

“राहू दे,” ते म्हणाले. “तवा टाकीत पानी राहीन.”