मिठाचे दगड

शिकार सोडताना मांदनीने आपल्या बंदुकीचा दस्ता स्वतःच दगडावर आपटून फोडला, त्याला वीस वर्षं झाली. तेव्हापासून इराणातल्या झाग्रोस डोंगराच्या त्या कड्यावरच्या रानबकऱ्यांचा तो राखणदार. वनखात्याने दिलेलं हिरवं जाकीट तो भर उन्हातही काढत नसे. लहानथोर त्याला हालू, म्हणजे मामा म्हणत. कड्यावर मोठ्या शिंगांचा रानबोकड दिसला की "हालू, जावई आले बघा," अशी थट्टा चाले, आणि ती त्याला गोड लागे.

रोज संध्याकाळी तो बायकोने विणलेल्या पिशवीतलं मीठ झऱ्याजवळच्या पाच चपट्या दगडांवर पसरायचा. आधी त्याच्या बकऱ्या चाटत, उरलंसुरलं पहाटे रानबकऱ्या. दगड आजोबांपासूनचे, त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या जनावराने तिथे तोंड लावायचं नाही. या वसंतात खुदारहम नावाचा एक उपरा तीस बकऱ्या घेऊन पलीकडच्या उतारावर आला आणि हात जोडून मिठाच्या जागेपुरतं विचारून गेला. मांदनीने त्याला नाही म्हणून त्याच्या उताराकडे परत पाठवलं.

मग मांदनीच्याच बकऱ्यांची नाकं गळायला लागली. डोळ्यांना चिपडं, हिरड्यांवर फोड, आणि हगवण. अकरा करडं मेली. ती त्याने खडकामागे गुपचूप पुरली.

"डॉक्टरीणबाईंना निरोप धाड," त्याची बायको गुलबस म्हणाली.

"वारं लागलंय. बरं होईल."

"वारं तुझ्या जिभेला लागलंय. शरदात लस टोचणारे सुईवाले आले तेव्हा काय सांगितलंस त्यांना?"

मांदनीने पिशवीत मीठ भरायला घेतलं. शरदात सगळ्या बकऱ्या गाभण होत्या, सुईने गाभ पडतो असं तो बापाकडून ऐकत आला होता, म्हणून त्याने खुशाल सांगून टाकलं होतं की आमच्या बकऱ्यांना टोचून झालंय. आता बोलावं तर राखणदारच खोटारडा ठरणार. त्यापेक्षा झाकली मूठ बरी. आजारी बकऱ्यांना चारा गोड लागावा म्हणून तो दगडांवर दुप्पट मीठ पसरू लागला, आणि त्या लाळ गाळत चाटत राहिल्या.

पंधरवड्याने पहिला रानबोकड झऱ्यात तोंड खुपसून मेलेला सापडला. आठवडाभरात तेवीस. गाभण माद्या, वर्षाची पिल्लं, आणि ज्याला सगळे थोरला जावई म्हणत तोही. मांदनीने त्याचे डोळे पाहिले, चिपडं पाहिली. कुणी काही सांगायची गरजच उरली नव्हती.

गुरांची डॉक्टरीण पेगाह आली, तिने मेलेल्यांची तोंडं उघडून पाहिली. हा बकऱ्यांचा मोठा रोग, म्हणाली. माणसाला होत नाही, पण पाळीव जनावराच्या शेंबडा-लाळेतून रानातल्याला लागतो. तेव्हा आधी कुणाचा कळप आजारी पडला, ते कळायला हवं.

सगळ्यांची बोटं खुदारहमकडे वळली. गरीब बिचारी, कुणीही हाकारी. दोघांनी तर त्याच्या तंबूचे दोर सोडायलाही घेतले. खुदारहम मांदनीजवळ आला.

"हालू, तुमचा शब्द चालतो. माझी बकरी साधी शिंकली नाही. एवढं सांगा."

मांदनी बुटाच्या टोकाने माती उकरत राहिला. जाकीट अंगाला चावत होतं. आयुष्यात इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती, आणि तरी तोंड उघडत नव्हतं, याची लाज त्याहून मोठी होती.

पेगाह दगडांपाशी वाकली. मिठावर वाळलेली लाळ चकाकत होती.

"इथे कुणाच्या बकऱ्या चाटतात?"

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं, त्याचा अर्थ मात्र आत्ता कुठे डोक्यात शिरत होता. तंबूचे दोर सोडणारे हात थांबले.

"माझ्या," मांदनी म्हणाला. "फक्त माझ्या. सुई टोचलेली नव्हती. खोटं बोललो. करडं मेली, तीही पुरली."

मागून कुणीतरी पुटपुटलं, कुंपणानेच शेत खाल्लं. मांदनीने जाकीट काढून पुढे धरलं. ते घ्यायला एकही हात पुढे झाला नाही.

खुदारहम आपले दोर पुन्हा बांधत होता. मान वर न करता तो म्हणाला, "मला माहीत होतं, हालू. खडकामागची माती ताजी होती."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो होतो."

यापेक्षा त्याने थोबाडीत दिली असती तर मांदनीने आनंदाने खाल्ली असती.

पेगाहने मीठ खरवडून पुरायला लावलं, मांदनीचा कळप त्याच्याच तंबूमागे कोंडला, आणि बजावलं की महिनाभर या दगडांजवळ एकही जनावर फिरकता कामा नये. राखण कोण करणार, हे तिने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मांदनी तिथे बसला होता. अंगात नुसता सदरा. उजाडताना कड्यावरून एक मादी आणि तिचं पिल्लू उतरली आणि नेहमीच्या वाटेने निर्धास्त जवळ येऊ लागली. त्याच्या हाकेने ती बिचकली नाहीत, हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. शेवटी त्याने मूठभर खडे उचलले. पहिला त्यांच्या पायाशी पडला, तरी मादी कान टवकारून त्याच्याकडे बघत उभीच राहिली. मग त्याने दुसरा नेम धरून मारला.