आधी कोणी उठायचं

विमान जमिनीला टेकलं आणि सगळी माणसं ताडकन उभी राहिली. आम्ही दोघी बसून. रांग पुढे सरकली, मागची आसनं रिकामी झाली, तरी आम्ही आपल्या बसलेल्याच. शेवटी हवाईसुंदरीने येऊन विचारलं, "काही त्रास होतोय का?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझी सून माझ्याआधी उठत नाही. जेवताना नाही, दुकानात नाही, कुणाकडे बसायला गेलो तरी नाही. मी उठायचं, मागे वळून बघायचं, की ती पिशवी उचलून निघालेली असते. हे तिला मी कधी शिकवलं नाही. काही गोष्टी घरात आपोआप रुजतात. आणि मी तर सकाळीच ठरवलं होतं की आजचा दिवस तिचा. ती उठेल तेव्हा उठायचं.

"अहो आई, बरं वाटत नाही का तुम्हाला?"

"मला काय धाड भरलीय? अगं, आज तू आधी उठायचंस. तुझं विद्यापीठ, तुझा रस्ता."

"बरं," ती म्हणाली. तिचं 'बरं' मला चांगलं ठाऊक आहे. त्याचा अर्थ 'बघू' असा असतो.

ती मातीचा अभ्यास करायला निघाली होती. शेजारीण म्हणाली, मातीत काय शिकायचंय, ती तर पायाखालीच असते. म्हटलं, तुझ्या डोक्यातही आहे, तिचाही अभ्यास होईल. लग्नाआधीच हिला प्रवेश मिळाला होता. मग लग्न झालं, मग तिच्या नवऱ्याचं, म्हणजे माझ्या मुलाचं आजारपण, मग तो गेला. उरलो आम्ही दोघी आणि आमचं पडद्यांचं दुकान. ती चुण्या घालते, मी शिवते. चाळिशीच्या उंबरठ्यावर तिला पुन्हा जागा मिळाली, आणि अर्ज करायला मीच तिच्या मागे लागले होते. हौस माझीच, तक्रार कुणाकडे करणार?

आज पाचच्या आत विद्यापीठाच्या कचेरीत हजर व्हायचं होतं, नाही तर जागा पुढच्या माणसाला जाणार होती. माझं परतीचं विमान संध्याकाळचं. बेत असा की तिची खोली बघायची, खिडकीचं माप घ्यायचं आणि निघायचं. पडद्याचं कापड पिशवीत होतं, पण न कापलेलं. मापाशिवाय कात्री लावायची नाही, हा आमच्या दुकानाचा नियम आहे.

विमानतळावरून गाडी निघाली ती उंच पुलावरून. रूळ घरांच्या इतके जवळून जात होते की आम्ही लोकांच्या खिडक्यांमधूनच चाललोय असं वाटत होतं. दुपारची वेळ, ऊन मऊ झालेलं. एक निळा पडदा वाऱ्याने बाहेर आला आणि पुन्हा आत गेला. एका खिडकीत पडदाच नव्हता, नुसता पलंग आणि त्यावर पालथं झोपलेलं कुणीतरी. पुढच्या खिडकीत एक बाई दोन्ही हातांनी पडदा सारत होती, आणि तो पूर्ण उघडायच्या आत ती मागे राहिली.

"अस्तर नाही लावलेलं," मी म्हटलं.

"दुमडही आखूड आहे," सून म्हणाली.

गाडी हळू झुलत होती आणि खिडक्या येत होत्या, जात होत्या. एका खिडकीत मला माझा मुलगा उभा दिसला. लहानपणचा, पडद्याआड लपलेला, पाय तेवढे बाहेर. असं मला हल्ली होतं, मी घाबरत नाही. पाय ओळखीचे होते, मला बरं वाटलं.

पुढे बस. ती आपणहून थांबत नाही; उतरायचं असलं की दांड्यावरचं लाल बटण दाबायचं, हे सुनेने मला दोनदा सांगितलं. बसमध्ये शांत होतं. झाडांच्या सावल्या आमच्या मांडीवरून सरकत होत्या. मी डोळे मिटले. कुठून तरी एक गोड आवाज म्हणाला, "पुढचा थांबा, विद्यापीठ." म्हटलं, उठेल ती आता. मोठी कमान खिडकीतून संथपणे गेली, मग लांबच लांब भिंत गेली, मग भिंतही संपली.

"अगं, गेलं की."

"तुमचा डोळा लागला होता. झोप कशाला मोडायची म्हटलं."

घ्या. लोक काखेत कळसा ठेवून गावाला वळसा घालतात. आम्ही कळसा डोळ्यांनी बघून वळशाला निघालो. बस शेवटच्या थांब्यावर गेली. तिथे एक तळं होतं, भोवती उंच गवत. चालकाने इंजिन बंद केलं, "हीच परत जाते, बसा," म्हणाला आणि पाय मोकळे करायला उतरला. तळ्यावर वारा नव्हता. इतकी शांतता होती की मला तिचा श्वास ऐकू येत होता. चार कधीच वाजून गेले होते. आता खोली बघणं माझ्या नशिबात नव्हतं; ती उतरली की मला थेट विमान गाठायचं होतं.

"आई," ती तळ्याकडे बघत म्हणाली, "मी मुद्दाम उठले नाही. तुम्ही एकट्या त्या घरात... आपण परतच जाऊ या ना."

खरं सांगते, माझ्या मनात लाडू फुटले. मला काही करायचंच नव्हतं. नुसतं बसून राहायचं होतं. मी उठले नाही तर ती उठणार नव्हती. कमान पुन्हा एकदा खिडकीतून गेली असती आणि आम्ही दोघी रात्री आपल्या घरी. कुणी मला बोल लावला नसता. तिनेही नाही.

बस निघाली. गवत मागे पडलं, भिंत सुरू झाली. सूनबाई पिशवी मांडीवर घट्ट धरून माझ्याकडे बघत होती. तिच्या कपाळावर आता बारीक रेघा आहेत. त्या कधी आल्या ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. घरात आली तेव्हा हिच्या नखांत माती असायची.

"पुढचा थांबा, विद्यापीठ."

मी बटण दाबलं आणि उभी राहिले.

तीही उठली. सवय ती सवय. मी दाराशी बाजूला झाले, तिला पुढे घातलं, आणि पिशवीतून मापाची पट्टी काढून तिच्या गळ्यात टाकली.

"रुंदी तीन ठिकाणी मोज. खिडक्या कधी सरळ नसतात. आणि मला कळव, पडदा शिवून पाठवते."

"आई, तुम्ही जेवाल ना वेळेवर?"

"उतर गं. बस तुझ्या सासऱ्याची नाही."

ती उतरली. दार मिटलं. गळ्यात पट्टी घेतलेली ती कमानीखाली उभी राहिली, मग भराभर आत चालू लागली. मी पुन्हा जागेवर बसले आणि मनसोक्त रडले. बस रिकामीच होती.

परतीच्या गाडीत खिडक्यांत दिवे लागत होते. सगळीकडे पडदे ओढले जात होते, एकामागून एक. विमानतळ आला. मी उठले आणि मागे वळून बघितलं. मग पिशवी माझी मीच उचलली.