सुभद्राबाईचं तोंड

सुभद्राबाईची अक्कलदाढ शुक्रवारी काढली, आणि सोमवारी तिला कोर्टात एक नाव घ्यायचं होतं.

नाव जावयाचं. भगवानराव. तिची कोकिळा घासलेटनं जळून दवाखान्यात पडली, तेव्हा सासरचे गावभर सांगत सुटले की चुलीचा भडका उडाला. पोलिसांनीही आधी तेच लिहून घेतलं. उशाशी फक्त आई होती. कोकिळा म्हणाली, "आई, भगवानरावानं पेटवलं मले." एवढ्या वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. 'हे' म्हणायची, 'मालक' म्हणायची. मरताना घेतलं, आणि गेली.

आता ते शब्द जगात एकट्या सुभद्राबाईपाशी होते. पण सासूही जावयाचं नाव घेत नाही. 'जावईबापू' म्हणते, पदर सावरते, ताटात तूप वाढते. असल्या रीतींच्या आडोशाला पोरी जाळणारे सुखानं झोपतात. फौजदारापुढं ती 'जावयानं' एवढंच बोलली होती. सरकारी वकिलानं बजावलं, "बाई, कोर्टात पोरीचे शब्द जसेच्या तसे पाहिजेत. नाव घेऊन."

दाढ काढली तीही त्यासाठीच. तारीख जवळ आली आणि गाल सुजला, धड बोलता येईना. म्हणून नवरा रंगराव तिला उंद्रीहून यष्टीनं बुलढाण्याला दाताच्या डॉक्टराकडं घेऊन गेला. डॉक्टरनं दाढ फोडून, कोरून काढली. कागदाच्या पुडीत पांढऱ्या गोळ्या दिल्या. "सुजेच्या आहेत. रोज तीनदा. चला, पुढचा!"

बस. एवढंच. पोटात घ्या, जेवून घ्या, असे दोन शब्द जास्त बोलला असता तर त्याची जीभ झिजली नसती.

घरी रंगरावानं पुडी सोडली. त्या घरात दात दुखला की लवंग धरायची, कापूर दाबायचा, तंबाखूची चिमूट भरायची. दाताचं औषध दातावर. त्यात विचारायसारखं काय होतं? त्यानं पाट्यावर गोळी कुटली आणि बोटानं दाढेच्या खड्ड्यात दाबली.

"आग होऊन राह्यली हो!" सुभद्राबाई कळवळली.

"होऊ दे. औषध काम करून राह्यलं."

"काम करून राह्यलं का मले मारून राह्यलं?"

"भांडून राह्यली ना अजून? मंग जित्ती हायेस."

ती हसायला गेली आणि कळ थेट कानात घुसली. तरी तिनं पुन्हा तोंड पुढं केलं. नाव घ्यायचं होतं ना. शनिवारभर रंगराव गोळ्या दाबत राहिला.

रविवारी सकाळी हिरडी पांढरीफटक, कातडं सुटलेलं. गाल वांग्यासारखा तटतटलेला. आणि जबडा बंद. दातांत करंगळी शिरेना. 'भगवान' म्हणायला गेली तर नुसता घोगरा हुंकार निघाला. रंगराव म्हणाला, "मीच बुजवलं तुहं तोंड. माह्याच बोटानं."

तशीच तिला घेऊन तो डॉक्टराच्या घरी गेला. जेवता जेवता उठून आलेल्या डॉक्टरनं तोंडात पाहिलं.

"गोळी हिरडीवर ठेवली? अहो, भाजून काढलंत हिला! काय अडाणी लोक! ही पोटात घ्यायची असते, काहीतरी खाऊन."

"साहेब, तुमी सांगतलं काऊन नाही?"

"ही काय सांगायची गोष्ट आहे?"

"तुमच्यासाठी नसंन. आमच्या घरात अशी गोळी आजवर कोनाच्या पोटात गेली नाही."

डॉक्टरनं दुसरी पुडी आणून दिली आणि या वेळी सगळं नीट सांगितलं.

"उद्या हिले बोलता येईन?"

"सूज थोडी उतरेल. जबडा किती उघडेल, ते सांगता येत नाही."

काहीतरी खाऊन! तोंड उघडत नाही, तर खायचं कशानं? रंगरावानं भाकर दुधात कुस्करली, फडक्यातून गाळली आणि गाल आणि दातांच्या फटीतून चमच्यानं आत सोडली. मागून पाण्यात विरघळवलेली गोळी. अर्धं दूध हनुवटीवरून पदरात. ती डोळे मिटून गिळत राहिली. सोमवारी उठल्यावर दातांत एक बोट शिरलं. फक्त एक.

कोर्टात ती साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिली आणि बोलली. भगवानरावाचा वकील हसतच उठला. "साहेब, साक्षीदार काय म्हणते ते एक अक्षर कळत नाही. अशी साक्ष नोंदवता येणार नाही."

न्यायाधीश म्हणाले, "बाई आजारी दिसतात. पुढची तारीख देऊ."

पुढची तारीख! भगवानरावाची माणसं आत्तापासूनच घरी दारावर येऊन धमकावत होती. पुढच्या तारखेपर्यंत आपण जित्या राहू का, हेही तिला ठाऊक नव्हतं. तिनं नकाराची मान हलवली. अंगठा दातांत घातला आणि जबडा खाली ओढला. भाजलेली हिरडी फाटली. रक्ताची धार मनगटावर आली. न्यायाधीशांकडं नाही, ती समोर मान खाली घालून उभ्या असलेल्या जावयाकडं वळली आणि ओरडली,

"भगवानराव!"

आवाज फाटका होता, अक्षरं चेंगरलेली होती. पण ज्याला तिनं जन्मात बापूशिवाय हाक मारली नव्हती, तो दचकला. मान वर करून पटकन बोलून गेला,

"काय मामी?"

वकिलाचं हसू उतरलं.

"तुमच्या अशिलाला तर कळलं," न्यायाधीश म्हणाले आणि लेखनिकाकडं वळले. "लिहा. बाई, सावकाश सांगा."

कोणीतरी पाण्याचा पेला पुढं केला. तिनं तो बाजूला सारला. पोरीचे पुढचे शब्द अजून बाकी होते. सुभद्राबाईनं अंगठा परत दातांत घातला.